हौसाकाकूच्या दोन गोळ्या

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अटॅक आहे. मोठा आहे."

रोह्यातला साधा दवाखाना, दुपारचे पावणेतीन. माझे यजमान दत्ता, वय शेहेचाळीस, कंपनीचा निळा युनिफॉर्म अंगात, पलंगावर पडून छताकडे बघत होते. डॉक्टरांनी पट्टीवरची एक कमान बोटानं दाखवली. "अँटिरियर वॉल एमआय. म्हणजे हृदयाची पुढची भिंत. रक्त ढकलायचं जास्तीत जास्त काम हीच भिंत करते, आणि तिचाच रक्तपुरवठा बंद झालाय."

मी म्हटलं, "पण त्यांच्या छातीत दुखतच नाहीये." मला वाटलं, हे ऐकून ते पट्टी परत बघतील. त्यांनी नाही बघितली. सिस्टरला गोळ्या चावायला द्यायला सांगितल्या आणि माझ्याकडे वळून एकापाठोपाठ एक तीन प्रश्न विचारले. त्रास कधीपासून होतोय? बीपी, शुगर आहे का? घरी काही गोळी दिलीत का?

माझ्या शेजारी ठेकेदाराचा सुपरवायझर उभा होता. त्यानंच ह्यांना बसस्टॉपवरून उचलून आणलं होतं. मी एकदा त्याच्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना सांगून टाकलं, "आत्ताच सुरू झालं, बसस्टॉपवर. बीपी-शुगर काही नाही. गोळी नाही दिली."

तिन्ही उत्तरं खोटी होती. हे सगळं लिहायला बसले ते त्या तीन उत्तरांपायी. तुमच्यावर ही वेळ न येवो. पण आलीच, तर मी काय केलं ते तुम्हाला आठवावं एवढीच इच्छा आहे.

आधी आमच्या आळीची रीत सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की बाई वेडी आहे. वेडी नव्हते, शहाणी होते, तीच तर भानगड. आमच्या आळीतली निम्मी माणसं रोह्याच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला आहेत. वर्षातून एकदा मेडिकल असतं. कायम कामगाराचं बीपी वाढलेलं निघालं तर त्याला औषध सुरू होतं. ठेक्यावरच्या माणसाला सांगतात, काही दिवस आराम करा, आणि तो आराम मग संपतच नाही. म्हणून मेडिकलची तारीख लागली की आळीत पथ्य सुरू होतं. तीन दिवस भात बंद, चहा बिनसाखरेचा, कारल्याचा रस. आणि मेडिकलच्या दिवशी सकाळी हौसाकाकूची एक गोळी.

हौसाकाकू आमच्यापासून दोन घरं सोडून राहते. सत्तरीची, एकटी, तोंडानं फटकळ. तिला वीसेक वर्षं बीपी आहे. तिच्या गोळ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असतात. मेडिकलच्या सकाळी तिच्या ओट्यावर गडी येऊन बसतात. ती एकेकाच्या तळहातावर गोळी ठेवते, वर तांब्याभर पाणी देते आणि म्हणते, "जा रं, पास होशील." आणि पोरं पास होतात. काकूला वाचता येत नाही, पण आळीत तिचा मान डॉक्टरपेक्षा कमी नाही.

आमचे हे तीन वर्षं तिच्या ओट्यावरून मेडिकलला गेले आणि तिन्ही वर्षं कागदावर आलं, बीपी एकशेवीस-ऐंशी, फिट. कंपनीला फसवायला म्हणून आम्ही निघालो आणि त्या कागदावर विश्वास ठेवून बसलो आम्हीच. ह्यांना सारखी तहान लागायची, मी म्हणायचे उकाडा आहे. जिन्यात थांबायचे, मी म्हणायचे पोट बघा किती सुटलंय. त्यांचे वडील पन्नाशीच्या आत शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेले होते, ते कोणाला आठवलं नाही. तंबाखूची पुडी तर खिशातच असायची. मी एकदा म्हटलंही होतं, शुगर तपासून घ्या बाहेर कुठेतरी. तर म्हणाले, "आत्ताच तर मेडिकल झालं." त्यावर मी गप्प बसले.

आता त्या दिवसाचं सांगते. मी पेणला गणपतीच्या कारखान्यात कामाला जाते. माझं माहेर पेणजवळच्या जित्याचं, तिथे घरोघर मूर्ती होतात, हात लहानपणापासून रंगात. आता मी आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. सीझन होता, सकाळच्या गाडीनं निघायचं होतं. ह्यांची सेकंड शिफ्ट, म्हणून ते घरीच होते.

नऊच्या सुमाराला म्हणाले, "जबडा दुखतोय गो. दम पन लागतोय." बनियन भिजलं होतं. पाठीला हात लावला तर अंग गार. कामाचा घाम गरम असतो, हा घाम थंड होता. माझ्या हाताला ते कळलं, डोक्याला कळलं नाही.

मी ठरवून टाकलं, बीपी वाढलं असणार. आणि बीपीवरचं औषध तर दोन घरं सोडून होतं. हौसाकाकूनं डबा उघडला आणि दोन गोळ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "एक आता दे, नाय उतरला तर तासाभरानं दुसरी दे." दहा वाजता एक दिली, अकराला दुसरी. दुसऱ्या गोळीनंतर हे शांत पडून राहिले. मला वाटलं, उतार पडला. मी कारखान्यात फोन करून सांगितलं, आज येत नाही, उद्या जास्त थांबेन.

दवाखान्यात चला असं मी म्हटलं होतं. खोटं कशाला सांगू, एकदाच म्हटलं. ते म्हणाले, "दवाखान्यात गेलो की कागद होतो. कागद कंपनीत जातो." दीड वाजता उठून त्यांनी युनिफॉर्म चढवला, भिंतीला धरून चपला घातल्या. मी डबा भरून हातात दिला. त्या माणसाच्या हातात मी जेवणाचा डबा दिला, हे मला अजून सहन होत नाही.

बसस्टॉपवर पोचले आणि खाली बसले. कंपनीची बस आली, सुपरवायझर उतरला, त्यानं रिक्षा थांबवून ह्यांना आत घातलं आणि मला फोन केला. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

रोह्याच्या डॉक्टरांनी हात चालवायला उशीर केला नाही. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र दिली नाही. "बीपी कमी आहे, ती दिली तर आणखी पडेल," एवढं म्हणाले आणि पेणच्या आयसीयूत फोन लावला. बीपी कमी आहे हे शब्द मी ऐकले. आणि सकाळपासून मी ते खाली आणायच्या मागे होते. तरी तोंड उघडलं नाही.

अँब्युलन्समध्ये मी त्यांच्या पायाशी बसले. निडी गेलं, नागोठणं गेलं. तोंडावर मास्क होता, त्यांनी बोट हलवून मला जवळ बोलावलं. मला वाटलं, लेकीबद्दल काहीतरी सांगतील, लग्न होऊन अलिबागला गेलीय, तिला बोलावून घे म्हणतील. मी कान नेला. ते म्हणाले, "गोळीचं बोलू नको."

वडखळला गाड्यांची रांग लागली होती. आमचा भोंगा ओरडत होता आणि पुढचा ट्रक हलत नव्हता. त्या बिचाऱ्याला हलायला जागाच नव्हती. अँब्युलन्समधल्या डॉक्टरनं ह्यांच्या हाताला बीपीचा पट्टा तीनदा बांधला आणि तिन्ही वेळा काही न बोलता आकडा लिहून ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. दुसरं काय करणार होते.

पेणला आयसीयूत एक डॉक्टर मॅडम होत्या, तिशीच्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी बोटाला सुई टोचून मशीन लावलं आणि शुगर तीनशेनव्वद आली. "ह्यांना डायबेटिस आहे, तुम्हाला माहीत नव्हतं?" मी नाही म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "बऱ्याच वर्षांचा असणार. शुगर जुनी झाली की नसा बधिर होतात. अशा माणसाला अटॅक येतो आणि छातीत कळ येतच नाही. नुसता दम लागतो, घाम येतो, जबडा नाहीतर हात दुखतो."

हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. म्हणून मी तुम्हाला सांगतेय. छातीवर हात धरून खाली कोसळणारा माणूस आपल्याला ठाऊक असतो. आमचा माणूस नुसता घामाघूम होऊन खाटेवर पडला होता.

मी विचारलं, किती गंभीर आहे. मॅडमनी लपवलं नाही. बीपी वरचं पंच्याहत्तर. हातपाय गार, कारण रक्त तिथपर्यंत पोचत नाही. फुप्फुसात पाणी भरलंय, पाठीला स्टेथोस्कोप लावला की खालून अर्ध्यापर्यंत बुडबुड ऐकू येतं. लघवी झालेली नाही, म्हणजे मूत्रपिंडांनाही रक्त कमी पडतंय. त्यात शुगर, त्यात पुढची भिंत. "ह्याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. शॉक म्हणजे धक्का नाही. हृदय हा पंप आहे, आणि पंपाचीच ताकद संपलीय. ह्यातून सगळे पेशंट बाहेर येत नाहीत. तुम्ही मन घट्ट करा."

मग त्या मॉनिटरकडे बघत थांबल्या. "एक गोष्ट जुळत नाही. बीपी एवढं पडलं की नाडी पळायला लागते, शंभरच्या वर. ह्यांची बेचाळीस आहे."

तेवढ्यात सुपरवायझर फाइल घेऊन आत आला. तो मोटारसायकलवरून मागोमाग आला होता, बिचाऱ्यानं वाटेत कंपनीतून कागद गोळा केले होते. "मॅडम, ह्यांचा मेडिकलचा रिपोर्ट. तीनच महिने झाले. सगळं नॉर्मल हाय."

मॅडमनी रिपोर्ट वाचला. "एकशेवीस-ऐंशी. म्हणजे आधीची कुठली गोळी चालू नाही. मग हा हार्ट ब्लॉकच दिसतोय, हृदयाच्या विजेच्या तारा बंद पडतायत." त्यांनी मला समजावलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचंच आहे, त्याला जितका उशीर तितकं नुकसान. पण नाडी एवढी मंद, म्हणून टेम्पररी पेसमेकर घालावा लागेल. म्हणजे मांडीच्या शिरेतून एक वायर थेट हृदयापर्यंत. इंजेक्शननंतर रक्त गोठत नाही, वायरच्या जागेतून रक्तस्राव सुरू झाला तर आवरणं अवघड. "धोका आहे. पण दुसरा मार्ग दिसत नाही. इथे सही करा."

माझ्या हातात पेन आलं. केसाएवढ्या बारीक ब्रशनं मी दिवसाला तीस-चाळीस मूर्तींचे डोळे काढते, हात हलत नाही म्हणून शेठ माझं नाव घेतो. त्या कागदावर मला माझं नाव लिहिता येईना. एका बाजूला ह्यांचं ते वाक्य, गोळीचं बोलू नको. दुसऱ्या बाजूला फाइल धरून सुपरवायझर. आणि समोर ही पोरगी, जी माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून माझ्या नवऱ्याच्या मांडीत वायर घालायला निघाली होती.

मी म्हटलं, "मॅडम, मी सकाळी त्यांना बीपीच्या गोळ्या दिल्या. दोन. शेजारणीच्या. आणि त्रास दुपारी नाही, सकाळी नऊला सुरू झाला. आणि तो रिपोर्ट खोटा आहे. मेडिकलच्या दिवशी पण ते गोळी खाऊनच जातात."

मला वाटलं, मॅडम आता ओरडतील, आणि मला ते हवं होतं. पण त्यांनी सहीचा कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि विचारलं, "कुठल्या गोळ्या? नाव?"

नाव मला कुठून माहीत असणार. हौसाकाकूला फोन लावला. ती म्हणाली, "नाव काय ठाव नाय गो. पांढरी हाय, मधी रेघ हाय." मी म्हटलं, काकू, समोरच्या पोरीला बोलव, पाकिटाचा फोटो काढून लगेच मोबाइलवर पाठवायला सांग. ती हो म्हणाली आणि मग तिनं विचारलं, "पन लागू पडली ना गो गोळी?"

मॅडम समोर उभ्या होत्या, घड्याळ बघत होत्या. मी म्हटलं, "हो काकू, पडली. तू फोटो पाठव."

फोटो आला. त्या एका गोळीत दोन औषधं होती. एक रक्तवाहिन्या सैल करून बीपी उतरवणारं, दुसरं नाडी मंद करणारं. मॅडमनी हातातलं पेन खिशाला लावलं. "तारा बंद पडल्या नसतील. गोळीनं नाडी दाबलीय. वायर लगेच नको. आपण नाडी वाढवायचं इंजेक्शन देऊ, बीपी धरून ठेवायला ड्रिप लावू, आणि गोळीचा अंमल उतरायची वाट बघू. वायर तयार ठेवते. नऊला सुरू झालंय म्हणता, तर गुठळीच्या इंजेक्शनला अजून वेळ आहे, पण आता एक मिनिटही नको." आणि त्या आत गेल्या.

मी बाहेरच्या बाकावर बसले. सुपरवायझर शेजारी येऊन उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, मला वाटलं, झालं, ह्यांची नोकरी गेली. तो म्हणाला, "वहिनी, मी आत नव्हतोच. मी काय ऐकला नाय." थोडं थांबून परत म्हणाला, "मी पन खातो. मना माझी आय देते." आणि तो चहा आणायला खाली गेला.

पहिले दोन दिवस काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. आयसीयूच्या बाहेर चपला काढायची जागा असते. मी तिथल्या चपला मोजत बसायचे. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास आत सोडायचे. उरलेल्या वेळात तुमचा माणूस दाराच्या पलीकडे असतो आणि तुम्ही अलीकडे, आणि तुमच्या असण्यानं काही फरक पडत नाही. सिस्टर बाहेर आली की सगळे नातेवाईक उठून उभे राहतात. ती एकाचं नाव घेते, बाकीचे बसतात.

मॅडम मला रोज दोन आकडे सांगायच्या आणि मी ते बोटांवर धरून ठेवायचे. एक, लघवी किती झाली. दुसरा क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतायत त्याची रक्ततपासणी. पहिल्या रात्रीत नाडी साठीवर आली, वायर घालावी लागली नाही. पण बीपी ड्रिपवरच होतं. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन वाढलं. मी विचारलं, हे गोळीमुळे का? मॅडम म्हणाल्या, "गोळीमुळे अटॅक आला नाही. अटॅक आधीच आला होता. पण पंप थकलेला असताना गोळीनं त्याला आणखी खाली दाबलं. तुम्ही सांगितलं नसतंत तर मी चुकीच्या रोगाशी भांडत बसले असते." मी म्हटलं, तुम्ही मला ओरडला कशा नाहीत? त्या म्हणाल्या, "तेव्हा वेळ नव्हता." मग जरा हसल्या. एवढंच ओरडणं माझ्या वाट्याला आलं, आणि ते मला जन्मभर पुरेल.

तिसऱ्या दिवशी कारखान्यातून शेठचा फोन आला. ऐंशी मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या होत्या, गाडी भरायची होती. कारखाना हॉस्पिटलपासून चालत दहा मिनिटांवर. लेक आली होती, तिला बाकावर बसवून मी गेले. म्हटलं, निदान हाताला काम होईल. ब्रश घेतला, पहिल्या मूर्तीसमोर बसले आणि तासभर नुसतीच बसून राहिले. परत येताना मी रस्त्यातच रडले, पेणच्या भर बाजारात, लोक बघत होते.

चौथ्या दिवशी ड्रिप कमी केली आणि बीपी आपलं आपण नव्वदवर राहिलं. पाचव्या दिवशी टू-डी इको झाला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ईएफ तीस टक्के. निरोगी हृदय एका ठोक्याला आतलं निम्म्याहून जास्त रक्त बाहेर ढकलतं, ह्यांचं तीस टक्केच ढकलत होतं. त्या दिवशी मला आत जरा जास्त वेळ बसू दिलं. हे डोळे उघडून म्हणाले, "सांगितलंस ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी डोळे मिटले. रागावले की सुटले, मला कळलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात शोधला.

पुढचं थोडक्यात. दहाव्या दिवशी घरी सोडलं. महिन्यानं पनवेलला अँजिओग्राफी करून एक स्टेंट टाकला, म्हणजे बंद वाहिनीत एक बारीक जाळी बसवली. ईएफ आता पस्तीस आहे, मॅडम म्हणतात ह्याहून फार वाढेल असं धरू नका. हे ओट्यापर्यंत चालतात, परत येतात, बसतात. जिना नाही, जड उचलणं नाही. ठेकेदारानं सांगितलंय, काही दिवस आराम करा.

मला वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. पण घरी आल्यावर कळलं की आळीत दुसरीच गोष्ट चालू होती. हौसाकाकू सगळ्यांना सांगत होती, "माझ्या दोन गोळ्यांनी दत्ता पेनपर्यंत टिकला. सुलभानं स्वतः फोनवर सांगितला, लागू पडली म्हनून." येणारे-जाणारे मला विचारायचे, खरं का गं? मी हसायचे. काय सांगणार होते? काकू रोज संध्याकाळी मऊ भात करून आणायची, ह्यांच्या उशाशी बसायची, त्यांच्या कपाळावरून हात फिरवायची. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्यामुळे वाचलं होतं. ते तिच्याकडून काढून घ्यायला माझं धाडस होईना. दोन महिने मी गप्प बसले. रोह्यात एकदा गप्प बसले होते, पेणमध्ये तोंड उघडलं, आणि घरी येऊन परत गप्प.

मग एका सकाळी कोपऱ्यावरची संगीता आमच्या ओट्यासमोरून चालली होती, घाईघाईनं. म्हटलं कुठे गं? तर म्हणाली, "दिराच्या छातीत जळजळतंय, घाम सुटलाय. काकूची छातीची गोळी आणते."

काकूची छातीची गोळी. तिला आता नावसुद्धा पडलं होतं.

मी संगीताला हाताला धरून मागे फिरवलं. म्हटलं, आधी रिक्षा बघ, त्याला दवाखान्यात ने, आणि कधी सुरू झालं ते खरं सांग. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, पण गेली. दुपारी कळलं, त्याचा ईसीजी चांगला आला, पित्तच होतं. बरंच झालं. पण ते आधी कोणाला माहीत होतं?

त्याच दुपारी मी हौसाकाकूकडे गेले. ती ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. नाडी बेचाळीस, मांडीतली वायर, पंपाला गोळीनं दाबलं ते, सगळं. तिला कळेल अशा शब्दांत सांगितलं. म्हटलं, काकू, तुझी गोळी वाईट नाही. तुझ्या अंगाला ती बरोबर आहे. ह्यांच्या अंगात तेव्हा तिनं घात केला. तू दिलीस म्हणून नाही, मी मागितली म्हणून.

तिचे हात सुपातच थांबले. मग म्हणाली, "मंग तू फोनवर हो कशाला म्हनालीस?"

वेळ नव्हता, असं मी म्हणू शकले असते. पण त्यानंतरच्या दोन महिन्यांत वेळच वेळ होता. मी म्हटलं, "चुकलं माझं."

काकूनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, आता जा म्हणेल, आणि पुढे कधी दारात येणार नाही. ती उठली, आतल्या फडताळातून बिस्किटाचा डबा काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला. "तुझा ब्रश हाय ना घरात? घेऊन ये. ह्यावर लिव."

मी ब्रश आणि लाल रंग आणला. तिनं सांगितलं तसं झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ही गोळी हौसाबाईची. दुसऱ्या कोणी खायची नाही. तिनं मला ते दोनदा वाचून दाखवायला लावलं. मग डबा मांडीवर घेऊन रंग वाळायची वाट बघत बसली. हे आमच्या ओट्यापर्यंत आले होते, तिथूनच बघत होते.

मी म्हटलं, "काकू, तुला तर वाचता येत नाही."

"मना नाय येत," ती म्हणाली. "मागायला येनाऱ्यांना येतंय ना."